चक्रीवादळाचा अलर्ट आला! हातात असलेल्या तासांत घरासाठी काय काय करायचं?



१७ मे २०२१. तौक्ते चक्रीवादळाचा दिवस. मी दिवाळ्यात आमच्या घरी, खिडकीशी मोबाईल घेऊन बसलो होतो. विंडी ॲप उघडं, त्यात तो गोल गोल फिरणारा जांभळा-लाल भोवरा, आणि माझं दर पंधरा मिनिटांनी स्टेटस टाकणं चालू. 'आता वसईच्या समोर', 'आता झोत वाढणार', वगैरे. गावातली पोरं मलाच मेसेज करून विचारत होती, काय म्हणतंय वादळ? मोठा एक्स्पर्ट झालो होतो मी.

आजोबा सकाळपासून दोनदा सांगून गेले होते, "पोरा, मोबाईल नंतर बग. आदी वरचा पत्रा बांद." मी म्हटलं, वादळ समुद्रात आहे, आपण खाडीच्या आत आहोत, एवढं काही होत नाही.

दुपारी गच्चीवरून लोखंड ओढल्यासारखा कर्कश आवाज आला. आमच्या शेडचे दोन पत्रे उचकटले. एक आमच्याच गच्चीत आपटला. दुसरा गल्ली ओलांडून शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जाऊन पडला. जाताना विजेची वायर घेऊन गेला. काकू रोज सकाळी त्याच ओट्यावर, त्याच जागी बसून म्हावरं निवडतात. त्या दिवशी पाऊस होता म्हणून आत होत्या. एवढंच.

माझ्याकडे तीन दिवस आधीपासून सगळी माहिती होती. वादळ कुठे आहे, किती वेगाने येतंय, सगळं. आणि मी त्या माहितीचं काय केलं, तर स्टेटस. म्हणून आजचा हा लेख. अलर्ट म्हणजे तुमच्या हातात पडलेले काही तास असतात. ते तास घरासाठी कसे वापरायचे, ते आज आपण पाहणार आहोत. ॲप्सची माहिती आहेच, पण त्याच्या पुढचीही.

आपल्याकडे कुठे येतात चक्रीवादळं?

हा प्रश्न मलाही पडायचा. चक्रीवादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओडिशा नाहीतर आंध्र येतं. पण अरबी समुद्रही आता शांत बसत नाही. आपल्या बाजूची चार उदाहरणं बघा.

१. फयान, नोव्हेंबर २००९. पावसाळा संपल्यावर आलं आणि कोकण-मुंबईचा किनारा ओलांडून गेलं. म्हणजे मे-जूनसारखाच ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळही धोक्याचा असतो.

२. निसर्ग, ३ जून २०२०. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात दुपारी किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे. कौलं, सिमेंटचे पत्रे उडाले, नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. काही गावांत वीज परत यायला आठवडे लागले.

३. तौक्ते, मे २०२१. हे मुंबईला धडकलंच नाही. पश्चिमेला समुद्रातून साधारण दीडशे किलोमीटरवरून वर सरकलं आणि रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर गेलं. तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरपर्यंत वारा नोंदला गेला आणि सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला.

४. बिपरजॉय, जून २०२३. बरेच दिवस समुद्रातच रेंगाळलं आणि १५ जूनला गुजरातमध्ये जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यावर आलं.

तौक्तेचं उदाहरण नीट लक्षात ठेवा. वादळाचा मधला भाग दीडशे किलोमीटर लांब असतानाही आमचा पत्रा उडाला. त्यामुळे नकाशावरची रेष तुमच्या गावावरून जात नाही म्हणून निवांत बसू नका.

वारा घर मोडतो म्हणजे नक्की काय करतो?

आपल्याला वाटतं वारा घराला ढकलतो. भिंतींच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण छपराच्या बाबतीत वारा वर ओढतो. वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा वरचा दाब कमी होतो, खालचा तसाच राहतो, आणि छप्पर वर उचललं जातं. पावसात छत्री उलटी होते ना, तसंच काहीसं.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. दर चौरस मीटरवर पडणारा दाब किलोच्या वजनात सांगायचा तर साधारण असा:

ताशी ५० किमी : सुमारे १२ किलो
ताशी १०० किमी : सुमारे ४७ किलो
ताशी १२० किमी : सुमारे ६८ किलो
ताशी १५० किमी : सुमारे १०६ किलो

आता गच्चीवरची एक छोटी शेड घ्या, दहा बाय बारा फुटांची. म्हणजे अंदाजे ११ चौरस मीटर. ताशी १०० किमी वाऱ्यात तिला वर ओढणारा जोर पाचशे किलोच्या आसपास जातो. आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या तेवढ्या पत्र्याचं वजन किती? साधारण पन्नास किलो. म्हणजे पत्रा त्याच्या वजनामुळे जागेवर राहत नाही. त्याला धरून ठेवतात ते फक्त स्क्रू आणि हुक.

शेड चारही बाजूंनी उघडी असेल तर आणखी वाईट, कारण खालूनही वारा शिरतो आणि ढकलतो. कडा आणि कोपरे यांच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. म्हणून पत्रा नेहमी कोपऱ्यातून उचकटायला लागतो. एक कोपरा सुटला की बाकीचा पत्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटतो.

बांधकामाच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किमी. इंजिनिअर बिल्डिंगचा हिशेब यावर करतात. पण आपल्या गावठाणातल्या गच्चीवरच्या शेडचा हिशेब कोण करतं? फॅब्रिकेटर येतो, दोन दिवसांत पाईप वेल्डिंग करून पत्रे मारून जातो. आमच्याकडेही तेच झालं होतं. वादळानंतर बघितलं तर कडेच्या पाईपला प्रत्येक पत्र्याला दोनच स्क्रू, आणि त्यातले निम्मे खाऱ्या हवेने गंजून गेलेले.

साखळी लक्षात ठेवा

नंतर आजोबांबरोबर शेड परत उभी केली तेव्हा ते एक वाक्य बोलले, "होरी जशी बांदतो तसाच घर बांदाचा." होडी बांधताना दोर कितीही चांगला असला तरी खुंटी कच्ची असेल तर उपयोग नाही, आणि खुंटी पक्की असून दोर कुजका असेल तरीही नाही.

घराचंही तसंच आहे. पत्रा आडव्या पाईपला धरलेला, आडवा पाईप खांबाला, खांब स्लॅबला किंवा कॉलमला. या साखळीतली एक कडी कच्ची असेल तर बाकी सगळं पक्कं असून फायदा नाही. कधीकधी पत्रे घट्ट असतात आणि अख्खी शेडच खांबासकट उचलली जाते, कारण खांब स्लॅबवर नुसता सिमेंट लावून उभा केलेला असतो.

पावसाळ्याआधी एकदा गच्चीवर जा आणि मोबाईलची टॉर्च लावून ही साखळी वरून खालपर्यंत तपासा:

- पत्र्याचे स्क्रू सैल आहेत का, रबरी वॉशर फाटलेत का, डोकं गंजलंय का?
- कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्यांना मधल्यापेक्षा जवळजवळ स्क्रू किंवा जे-हुक आहेत का? नसतील तर वाढवून घ्या.
- आडव्या पाईपचं वेल्डिंग कुठे तडकलंय का?
- खांबाखाली लोखंडी प्लेट आहे का, आणि ती स्लॅबला बोल्टने धरलीय का?
- सिमेंटच्या पत्र्याला तडे आहेत का? तडा गेलेला पत्रा वाऱ्यात आधी तुटतो.

घर कौलारू असेल तर मोभावरची आणि कडेची कौलं बघा. हलणारी कौलं बसवून घ्या. आमच्या मागच्या जुन्या घराच्या कौलांवर आजोबा पावसाळ्याआधी जुनं नायलॉनचं जाळं पसरतात आणि खाली वाशांना बांधतात. कोळ्याच्या घरी जाळ्याला काय तोटा? पण कल्पना चांगली आहे. कौल सुटलं तरी उडून कुणाच्या डोक्यात जात नाही.

हे सगळं काम वादळाच्या दिवशी होत नाही. फॅब्रिकेटर त्या दिवशी फोनही उचलत नाही. एप्रिल-मे मध्येच उरकून घ्या.

मोबाईलमध्ये काय ठेवायचं?

१. मौसम ॲप. भारतीय हवामान विभागाचं अधिकृत ॲप, २०२० मध्ये आलं. इथे तुमच्या जिल्ह्याचा रंग बघा. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. दिवाळं ठाणे जिल्ह्यात येतं, पण अगदी पलीकडे रायगड. म्हणून मी दोन्ही जिल्हे बघतो.

२. सचेत ॲप. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. तुमच्या लोकेशनप्रमाणे सरकारी इशारे येतात. लोकेशन आणि नोटिफिकेशनची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर ॲप नुसतं पडून राहतं.

३. दामिनी ॲप. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं. हे फक्त विजांसाठी. गच्चीवर काम करत असाल तर उपयोगी.

४. विंडी. हे परदेशी ॲप आहे, अधिकृत इशारा नाही. पण वाऱ्याचे झोत समजायला छान. सेटिंगमध्ये एकक 'किमी प्रति तास' करा, कारण सुरुवातीला नॉटमध्ये आकडे दिसू शकतात. १ नॉट म्हणजे १.८५ किमी. साधा वारा न बघता 'गस्ट' म्हणजे झोताचा थर बघा. पत्रा उडवतो तो झोत. यात वेगवेगळी मॉडेल्स असतात आणि ती वेगवेगळं सांगतात. एकाच मॉडेलचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर 'वादळ वळलं' असं टाकू नका.

५. फोनमधला इमर्जन्सी अलर्ट. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते आणि घाबरगुंडी उडाली होती, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात तुमचा नंबर लागत नाही. त्या भागातल्या टॉवरखाली जेवढे फोन आहेत तेवढ्यांवर मेसेज एकदम येतो, म्हणून नेटवर्कवर गर्दी असतानाही पोहोचतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' आणि त्यात 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' बघा. आयफोनमध्ये 'नोटिफिकेशन्स'च्या अगदी तळाशी. फोनच्या कंपनीनुसार नावं थोडी बदलतात. त्या दिवशी वैतागून कुणी बंद केलं असेल तर आज चालू करा. घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्येही.

आणि एक, भरती. खाडीकाठच्या माणसाला वाऱ्याइतकीच भरती महत्त्वाची. वादळ पाणी किनाऱ्याकडे रेटतं, त्यातच उधाणाची भरती आली तर पाणी गटारातून उलटं गावात शिरतं. भरतीची वेळ दाखवणारी ॲप्स आहेत, पण आमच्याकडे जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. अगदी मिनिटाला बरोबर येत नाही, पण नेटवर्क गेल्यावर हाच हिशेब कामाला येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाच्या दिवसांत वादळ असेल तर तळमजल्यावरच्यांनी जास्त सावध राहायचं.

हवामान विभागाचे चार टप्पे आणि आपली कामं

हवामान विभाग चक्रीवादळाचा इशारा चार टप्प्यांत देतो. पूर्वसूचना साधारण ७२ तास आधी, अलर्ट ४८ तास आधी, वॉर्निंग २४ तास आधी, आणि शेवटचा टप्पा किनाऱ्यावर धडकण्याच्या १२ तास आधी. मी घरची कामं याच टप्प्यांत वाटून नोट्समध्ये लिहून ठेवलीत. तुम्हीही ठेवा.

पण सावध! प्रत्येक वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही. 'निसर्ग'ला चक्रीवादळ म्हणून नाव मिळालं २ जूनच्या दुपारी आणि ३ जूनच्या दुपारी ते किनाऱ्यावर होतं. फक्त एक दिवस. म्हणून नाव पडायची वाट बघू नका. 'कमी दाबाचा पट्टा तीव्र होतोय' अशी बातमी दिसली की पहिली यादी उघडा.

७२ तास आधी:
- गच्ची, बाल्कनी बघून काय काय उडू शकतं त्याचे फोटो काढा. कुंड्या, जुने पत्रे, प्लायवूड, खुर्च्या, कपड्यांचे स्टँड, रिकामे ड्रम, फ्लेक्सचे बोर्ड.
- गच्चीचे पाण्याचे पाईप आणि जाळ्या साफ करा. २३० मिमी पाऊस पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर पडला तर ते साडेदहा हजार लिटरच्या आसपास पाणी होतं. म्हणजे हजार लिटरच्या दहा टाक्या भरून वर. पाईप तुंबला तर ते जिन्यातून घरात येणार.
- घरावर वाकलेली सुकी फांदी असेल तर पालिकेला कळवा. स्वतः झाडावर चढू नका.

४८ तास आधी:
- उडणाऱ्या वस्तू खाली आणा. जे आणता येत नाही ते आडवं करून बांधा.
- शेडच्या कोपऱ्यांतून दोर किंवा वायररोप घेऊन खाली कॉलमला ताणून बांधा. दोर कठड्याच्या विटांना बांधू नका, कठडाच निघेल.
- डिश अँटेना, सोलर पॅनलचे बोल्ट घट्ट करा.
- गाडी झाडाखालून आणि होर्डिंगजवळून हलवा.

२४ तास आधी:
- प्लॅस्टिकची पाण्याची टाकी पूर्ण भरा. रिकामी टाकी फुग्यासारखी उडते. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, ती हलत नाही. वर वीज गेल्यावर पाणीही मिळतं.
- फोन, पॉवर बँक, टॉर्च चार्ज करा. घरात रोख पैसे ठेवा. नेटवर्क गेलं की यूपीआय बंद.
- आधार, घरपट्टी, विम्याची कागदं प्लॅस्टिकच्या पिशवीत. डिजिलॉकर असलं तरी फोटो ऑफलाइन गॅलरीत ठेवा.
- प्रत्येक खोलीचा आणि घराच्या चारही बाजूंचा एक-एक व्हिडिओ काढा. का, ते पुढे सांगतो.
- घर कच्चं असेल तर रात्र कुठे काढायची ते आताच ठरवा. आजी-आजोबांना दिवसाउजेडी तिथे पोहोचवा.

१२ तास आधी:
- सगळ्या खिडक्या-दारं बंद आणि कड्या लावून. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचं लॉक खरंच लागतंय का ते हलवून बघा. तिच्या खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं कचऱ्याने बुजली असतील तर मोकळी करा.
- पाणी शिरण्याची शक्यता असेल तर फ्रीज, इन्व्हर्टर, गॅसची शेगडी उंचावर. सिलिंडर बंद. पाणी घरात यायला लागलं तर मेन स्विच बंद, पण ओल्या हाताने किंवा पाण्यात उभं राहून नाही.
- काचांपासून लांबची, शक्यतो मधली खोली ठरवा. वारा वाढल्यावर सगळे तिथेच.
- फोन बॅटरी सेव्हरवर. कॉल लागत नसेल तर एसएमएस करून बघा, तो कमी नेटवर्कमध्येही जातो.

या चार गोष्टींवर विश्वास ठेवू नका

१. 'खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, दाब बरोबर होतो.' चूक! वारा आत शिरला की आतून छपराला वर ढकलतो, आणि वरून ओढ आहेच. दोन्ही जोर एकत्र येतात. सगळं बंद ठेवायचं.

२. 'काचेवर फुलीसारखी टेप लावली की काच फुटत नाही.' टेपने काच मजबूत होत नाही. फार तर फुटल्यावर तुकडे थोडे कमी उडतात. बाहेरून प्लायवूड नीट ठोकून बसवलं तर काचेला खरा आडोसा मिळतो.

३. 'पत्र्यावर विटा, दगड, टायर ठेवले की झालं.' वरचं गणित आठवा, पाचशे किलोचा जोर. दहा विटांनी काय होणार? पत्रा निघाला की त्याच विटा गल्लीत बरसतात. वजन ठेवायचंच असेल तर वाळूची पोती, तीही बांधून.

४. 'वारा थांबला, वादळ गेलं.' वादळाचा मधला डोळा डोक्यावर आला की वारा एकदम पडतो, आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेने सुरू होतो. अधिकृत सूचना येईपर्यंत बाहेर पडू नका. रील काढायला गच्चीवर तर अजिबात नाही. मी खिडकीत बसून जे केलं, तेही नाही.

वारा गेल्यावर

पहिली गोष्ट, खाली पडलेल्या कुठल्याही वायरला हात लावू नका, ती मेलेली आहे असं कितीही वाटलं तरी. आमच्या गल्लीतली वायर पत्र्याखाली दाबली गेली होती. आजोबांनी दोन्ही टोकांना खुर्च्या आडव्या टाकून गल्ली बंद केली आणि वीजवाले येईपर्यंत कुणाला जाऊ दिलं नाही. विजेच्या तक्रारीसाठी १९१२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७ आणि कुठल्याही तातडीच्या मदतीसाठी ११२. हे तीन नंबर आत्ताच सेव्ह करा.

दुसरी गोष्ट, आवराआवर करण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. कॅमेऱ्यात तारीख-वेळ आणि लोकेशन चालू ठेवा. सरकारी मदत पंचनाम्यावर ठरते आणि विम्याचा क्लेमही पुराव्यावर. तुमच्याकडे 'आधी'चा व्हिडिओ आणि 'नंतर'चा व्हिडिओ, दोन्ही असतील तर नुकसान समजावून सांगायला फार बोलावं लागत नाही. म्हणून ते २४ तास आधीचं काम महत्त्वाचं.

तिसरी गोष्ट, ताडपत्री. वादळानंतर पत्रे आणि ताडपत्री यांच्यासाठी झुंबड उडते. एक चांगली ताडपत्री आणि दोराचा गुंडाळा पावसाळ्याआधीच घरात आणून ठेवा. छप्पर गेलं तरी सामान भिजण्यापासून वाचेल.

शेवटी

त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. त्यांचा ओट्यावरचा पत्रा आमच्या पत्र्याने फाडला होता. मी म्हटलं, भरून देतो. त्या म्हणाल्या, "पत्र्याचं देशील रे." पुढे काही बोलल्या नाहीत. ज्या जागी त्या बसतात तिकडे एकदा बघितलं आणि आत गेल्या. मला आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

आपलं घर नीट बांधणं ही फक्त आपल्या घराची गोष्ट नसते, हे मला त्या दिवशी कळलं. गावठाणात घरं एकमेकांना खेटून असतात. आपला सुटलेला पत्रा शेजाऱ्याच्या दारात पडतो.

२०२३ मध्ये बिपरजॉयची बातमी आली तेव्हा मी पहिल्याच दिवशी नोट्समधली यादी उघडली. मी, माझा भाऊ आणि शेजारची दोन पोरं, दीड तासात आमची गच्ची रिकामी केली. मग काकूंची केली. वादळ लांबूनच गुजरातकडे गेलं. भाऊ म्हणाला, फुकट मेहनत झाली. आजोबा हसले. समुद्र शांत असला म्हणून कुणी रात्री होडी न बांधता झोपतं का?

तर मित्रांनो, आज एवढंच करा. गच्चीवर जा, पत्र्याचे चार कोपरे हाताने हलवून बघा, आणि फोटो काढून ठेवा. काही हललं तर या आठवड्यातच फॅब्रिकेटरला बोलवा. आणि ही यादी तुमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवा. शेजाऱ्याची गच्ची पक्की असणं तुमच्याही फायद्याचं आहे.

काळजी घ्या, भेटू पुढच्या लेखात!